अधिक-उणे तीस

प्रगती सादरीकरणाला आठवडा होऊन गेला, तरी त्या दुपारचा एक आलेख डोक्यातून जात नाही.

मी भौतिकशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी पुरातत्त्व विभागातल्या एका ज्येष्ठ सरांच्या विद्यार्थिनीची मी सहमार्गदर्शक झाले. उत्खननात सापडलेला कोळसा त्यांनी द्यायचा, कार्बन-14 वरून त्याचं वय मी काढायचं, इतकं ते सरळ वाटलं होतं. याच विषयावर आम्ही दोघं मिळून एक वर्गही घेतो. दोघंही पूर्ण तास उभे असतो, पण कार्यभारात प्रत्येकाच्या नावावर अर्धाच तास लागतो. हा नियम करणाऱ्यांनी असा वर्ग कधी घेतलेला नसणार.

त्या कोळशावर मुलीनं जीव ओतला होता. सूक्ष्मदर्शकाखाली बसून केसाएवढी मुळं चिमट्यानं एकेक वेचून काढली. मग हायड्रोक्लोरिक आम्ल, मातीतून आलेले कार्बोनेट घालवण्यासाठी. मग सोडियम हायड्रॉक्साइड. त्यात मातीची ह्युमिक आम्लं सुटतात आणि द्रव गडद तपकिरी होतो. तो रंग फिका पडेपर्यंत धुवत राहायचं. घाई केली तर वय चुकतं, फार वेळ ठेवलं तर नमुनाच विरघळून जातो. शेवटी पुन्हा आम्ल, कारण मधल्या टप्प्यात द्रवानं हवेतला आजचा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो. एवढ्या खटाटोपानंतर मोजायला लागतो जेमतेम एक मिलिग्रॅम कार्बन. आकडा आला 2450 ± 30, म्हणजे 1950 पासून मागे मोजलेली वर्षं. इतका नेटका आकडा बघून मला फार बरं वाटलं होतं.

सादरीकरणात तिनं त्याचा कालखंड पडद्यावर दाखवला: इ.स.पू. 750 ते 410.

सरांनी तिला तिथंच थांबवलं आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, लॅबनं तीस वर्षांची चूक सांगितली होती. मग ही साडेतीनशे वर्षं कुठून आली?"

ते तीस म्हणजे चूक नव्हे, मोजणीतली अनिश्चितता. शिवाय हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण कायम सारखं राहत नाही. झाडांच्या वर्षवलयांवरून त्याचा जो वक्र बांधला आहे, तो इ.स.पू. 800 ते 400 या काळात जवळपास सपाट आहे. त्या चारशे वर्षांतलं बरंचसं लाकूड आज साधारण एकाच वयाचं दिसतं. हे मी सांगितलं, पण फार तुटकपणे. "वक्रच तसा आहे सर, यंत्र याहून जास्त सांगू शकत नाही." सर म्हणाले, "मग खापरांवरून काळ ठरवतो तेच बरं." दोघांचाही आवाज चढला होता. ती मध्ये उभी होती, खाली बघत.

समितीत संख्याशास्त्राच्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्याशी नाही, सरांशी नाही, तिच्याशी बोलायला सुरुवात केली.

"हा नमुना कुठल्या थरातला?"

"चौथ्या."

"वरच्या-खालच्या थरांतले नमुने आहेत?"

"पाच आहेत, मॅडम."

"थरांचा क्रम नक्की?"

तिनं उत्खननाची वही उघडून पुढं केली. आलेख कागदावर खड्ड्याची उभी भिंत काढलेली. प्रत्येक थराची रेघ, शेजारी मातीचा रंग, उंदराच्या बिळानं थर कुठं फोडला आहे तेही.

"मग हा क्रम हिशेबात का घेतला नाही?"

"तो आकडा नाही, वर्णन आहे," सर म्हणाले. मीही मनात नेमकं तेच म्हणत होते. खालचा थर आधी साचला ही माहिती बेझच्या पद्धतीनं, म्हणजे आधीची माहिती धरून शक्यता मोजण्याच्या संख्याशास्त्रीय रीतीनं, गणितात घालता येते. सगळे नमुने त्या क्रमात बसवले की न जुळणाऱ्या शक्यता गळतात आणि काळाचा पट्टा आवळत जातो. पुरातत्त्वात ही पद्धत कित्येक वर्षं रुळलेली आहे. मलाही ती ऐकून माहीत होती. तरी दोन वर्षांत ती वही मी एकदाही मागितली नाही. सरांनी कधी वक्र मागितला नाही. वही आणि वक्र दोन्ही फक्त तिच्याकडे होते, आणि तिला बोलूच दिलं नाही आम्ही.

समितीचा लेखी शेरा आला: "विषय नेमका कोणत्या विद्याशाखेत बसतो ते स्पष्ट करावे." कालमापनाबद्दल एक शब्द नाही.

परवा सर पहिल्यांदा माझ्या प्रयोगशाळेत आले. जळक्या धान्याच्या दाण्यांच्या छोट्या पिशव्या आणल्या होत्या, प्रत्येकीवर थराचा क्रमांक. कोळसा मोठ्या खोडाच्या गाभ्यातला असेल तर चूल पेटली त्याच्या शंभर वर्षं आधीचंही वय दाखवू शकतो, दाणा मात्र एकाच हंगामाचा असतो, हे ते मला समजावून सांगत होते. तिनं चौथ्या थराची पिशवी उघडून दाणे बशीत ओतले.

तिचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. विद्याशाखेचा रकाना एकच आहे. सर म्हणतात, पुरातत्त्व लिहून टाका. महिनाअखेरीपर्यंत द्यायचा आहे, अजून तो कोराच ठेवला आहे.