लहान आतड्याचा स्कॅन: आधी सीटी, मग एमआरआय. माझा अनुभव

कोलोनोस्कोपीत लहान आतड्याचा अगदी शेवटचा तुकडा दिसला आणि तिथे व्रण सापडले. त्याच्या वर काय चाललंय, ते दुर्बिणीला दिसत नव्हतं. टीबी की क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज आणणारा, जंतूंच्या संसर्गाने न होणारा आजार), हा प्रश्न आपल्याकडे इथेच उभा राहतो, कारण दोन्ही आजार लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळच धरतात. क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले आणि निघाला टीबी, तर तो उफाळतो. म्हणून डॉक्टरांनी आधी सीटी एंटेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा खास सीटी स्कॅन, सांगितली.

क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय आत घेतलं नाही, कारण स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या आयोडीनच्या औषधाचा भार किडनीवर येतो. मग तासाभरात दीड लिटर मॅनिटॉलचं गोडसर पाणी प्यायचं. खरी परीक्षा हीच. निम्म्यावर मळमळायला लागलं, पण टेक्निशियन ताईंनी नीट समजावलं: आतडं मिटलेलं राहिलं तर निरोगी भित्तीसुद्धा जाड दिसते. हे पाणी चित्रात काळसर राहतं आणि शिरेतून दिलेल्या औषधाने सुजलेली भित्ती त्यावर उजळून उठते. आतून बेरियम (चित्रात पांढरं दिसणारं औषध) भरलं असतं तर पांढऱ्यावर पांढरं झालं असतं. हे कळल्यावर उरलेलं पाणी मी संपवलं. इंजेक्शनबरोबर घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब पसरली आणि काही मिनिटांत सगळं आटोपलं.

भित्ती जाड होती, पण टीबीत दिसतात तशा आतून सडलेल्या गाठी नव्हत्या. बायोप्सी जोडीला घेऊन निदान क्रोन्सचं झालं.

पुढच्या तपासणीला मी स्वतःच विचारलं, पुन्हा सीटी का? हा आजार आयुष्यभराचा, स्कॅन होतच राहणार, आणि सीटीत दर वेळी किरणोत्सर्ग. डॉक्टरांनी एमआर एंटेरोग्राफी, म्हणजे तशीच तपासणी पण एमआरआयवर, लिहून दिली. पाणी तेच, शिरेत आयोडीनऐवजी गॅडोलिनियम, शिवाय आतड्याची हालचाल थांबवणारं इंजेक्शन. अर्ध्या तासाहून जास्त वेळ, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि ‘श्वास रोखा’ म्हटलं की रोखायचाच, नाहीतर चित्र हलतं. पैसेही जास्त गेले. तरी सुजेचं पाणी त्यात स्पष्ट दिसतं, म्हणून औषध लागू पडतंय का हे पाहायला मला तोच योग्य वाटतो. अचानक पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर मात्र सीटीच, तिथे वेळ घालवायचा नसतो.

जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्या, रेडिओलॉजिस्ट दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहतात. आणि मॅनिटॉलने नंतर जुलाब होतात, तेव्हा लगेच लांबच्या एसटीत बसू नका.