शेवटचं डायलिसिस कधी झालं?

डायलिसिस युनिटमध्ये काम करणारी माणसं वादळाची बातमी आली की आधी वार बघतात. वाऱ्याचा वेग, कॅटेगरी (म्हणजे वाऱ्याच्या जोरावरून हरिकेनला मिळणारा एक ते पाचमधला आकडा), टीव्हीवरच्या नकाशात वादळाची संभाव्य वाट दाखवणारा तो पांढरा शंकू, हे सगळं नंतर. आमच्या रुग्णांचे दोन गट असतात. एक सोमवार-बुधवार-शुक्रवारवाला, दुसरा मंगळवार-गुरुवार-शनिवारवाला. रविवार बंद. त्यामुळे दर आठवड्याला प्रत्येक गटाच्या वाट्याला एक मोठा खाडा येतो आणि त्या खाड्याच्या शेवटी, म्हणजे सोमवारी किंवा मंगळवारी, एरवीसुद्धा आमचे रुग्ण जास्त दगावतात. हार्वे हे वादळ टेक्सासच्या किनाऱ्याला लागलं ते शुक्रवारी रात्री, २५ ऑगस्ट २०१७ ला. म्हणजे नेमकं खाड्याच्या तोंडावर.

मी परळला नर्सिंग शिकले. आता बरीच वर्षं ह्यूस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात आहे. त्या शुक्रवारी गणेश चतुर्थी होती. घरी गणपती नवऱ्याने बसवला, मी मात्र पहाटेपासून युनिटमध्ये होते. शनिवारच्या गटाला फोन करकरून एक दिवस आधीच बोलावत होतो. हे शहाणपण २००५ च्या कतरिना वादळाने शिकवलं. न्यू ऑर्लिन्समध्ये तेव्हा डायलिसिसच्या चाळीस टक्क्यांहून जास्त रुग्णांचा किमान एक फेरा चुकला होता. तेव्हापासूनचा नियम असा की वादळ यायच्या आधी रक्त धुऊन घ्यायचं, म्हणजे पुढचे दोन-तीन दिवस तरी हाताशी राहतात. बहुतेक जण आले. काहींनी फोन उचलला नाही. एक आजोबा, शाळेच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर, फोनवर म्हणाले, "वादळ कॉर्पस क्रिस्टीकडे चाललंय की. मी आपला शनिवारी नेहमीच्या वेळेला येतो."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. हार्वेचा तोपर्यंतचा प्रवासच फसवा होता. १७ ऑगस्टला बार्बाडोसच्या पूर्वेला त्याला नाव मिळालं, आणि दोन दिवसांत कॅरिबियन समुद्रात ते विरूनही गेलं. मग २३ तारखेला मेक्सिकोजवळ, कांपेचेच्या उपसागरात, त्याने पुन्हा अंग धरलं आणि आखाताच्या कोमट पाण्यावर दोन दिवसांत थेट कॅटेगरी ४ गाठली. कॉर्पस क्रिस्टीकडच्याच रॉकपोर्टजवळ जमिनीवर आलं तेव्हा वारे ताशी २१५ किलोमीटरचे होते. रॉकपोर्ट आमच्यापासून अडीचशे किलोमीटर. शनिवारी दिवसा ह्यूस्टनमध्ये फार काही झालं नाही, सरी येत-जात होत्या. लोक म्हणाले, सुटलो.

पण हार्वे पुढे सरकेचना. त्याला ढकलून नेणारे वरच्या थरातले वारेच नव्हते. ते टेक्सासच्या किनारपट्टीवर घुटमळत राहिलं आणि आखातातलं पाणी उचलून आमच्यावर ओतत राहिलं. एक गोष्ट इथल्या जन्मजात ह्यूस्टनकरांनाही सांगावी लागते: आमचं शहर बुडालं तेव्हा हार्वे हरिकेन उरलंच नव्हतं. शनिवारी दुपारीच त्याचा दर्जा उतरून ते साधं उष्णकटिबंधीय वादळ झालं होतं. ती कॅटेगरी फक्त वारा मोजते, पाऊस तिच्या हिशेबातच नाही. शनिवारी रात्रीपासून जे सुरू झालं त्याला राष्ट्रीय हवामान सेवेच्या नकाशावरचे रंगही पुरेनात, सोमवारी त्यांना जांभळ्याच्या दोन नव्या छटा वाढवाव्या लागल्या. टेक्सासमधल्याच ब्यूमॉन्टजवळच्या नेदरलँड गावी वादळ सरेपर्यंत ६०.५८ इंच, म्हणजे दीड मीटरहून जास्त, पाऊस नोंदला गेला. मी २६ जुलै पाहिलेली बाई. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर एका दिवसातले होते, त्या माऱ्याची तुलनाच नाही. पण तो पाऊस कुर्ला-कलिना बुडवून गेला आणि दुसऱ्या दिवशी आपण चालत का होईना, घरी पोहोचलो. इथे रोज सकाळी वाटायचं आज ओसरेल, आणि रोज रात्री पुन्हा तेच.

शहर सोडून जा असं महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी सांगितलं नाही, यावर नंतर पुष्कळ तोंडसुख घेतलं गेलं. मला तो निर्णय बरोबरच वाटतो. २००५ मध्ये रिटा वादळाच्या भीतीने लाखो लोक एकदम हायवेवर आले होते. उन्हात, पेट्रोल संपलेल्या गाड्यांत अडकून वादळापेक्षा जास्त माणसं त्या पळापळीत गेली. वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना घेऊन निघालेली एक बस डॅलसजवळ पेटली आणि तेवीस जण दगावले. माझे रुग्ण तशा रांगेत तीस तास बसले असते तर काय झालं असतं, याचा विचार करायलाही नको.

मी शनिवारी संध्याकाळी उशी, कपडे आणि चिवड्याचा डबा घेऊन कामावर गेले. इथल्या रुग्णालयांत याला राइड-आउट टीम म्हणतात. वादळ सरेपर्यंत ही माणसं आत राहतात, मग रिलीफ टीम येऊन त्यांना सोडवते. कागदावर छान आहे. रविवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर रिलीफ टीम ज्या रस्त्याने यायची तो रस्ताच दिसत नव्हता. आमच्या इमारतीला मात्र थेंब लागला नाही. २००१ च्या जूनमध्ये ॲलिसन नावाच्या वादळाने (तेही हरिकेन कधीच झालं नव्हतं) टेक्सास मेडिकल सेंटरची, म्हणजे आमच्या या रुग्णालयांच्या परिसराची, तळघरं भरून टाकली होती. वीज गेली, व्हेंटिलेटरवरचे रुग्ण जिन्यावरून उचलून खाली आणावे लागले, प्रयोगशाळांतले हजारो प्राणी मेले. त्यानंतर परिसरात जाडजूड पोलादी पूरदारं बसली, विजेची यंत्रणा वर हलवली गेली. हार्वेत ती दारं बंद झाली आणि त्यांनी काम चोख केलं. पण इमारत कोरडी राहिली तरी आठवड्यातून तीनदा जे रुग्ण तिथपर्यंत यायला हवेत, ते कुठून आणि कसे येणार?

रविवारी थोडे आले. सोमवारी रांग लागली. शहरभरची छोटी डायलिसिस केंद्रं बंद होती, काही पाण्यात, काही कर्मचाऱ्यांअभावी, त्यामुळे त्यांचेही रुग्ण आमच्याकडे. एका रुग्णाला चार तास लावले तर मशीनमधून साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी जातं. तेवढे तास कुणाकडेच नव्हते. मग ठरलं, प्रत्येकाला दोन तास. किडनी बंद असली की रक्तात साचत जाणाऱ्या पोटॅशियमचा मोठा हिस्सा पहिल्या दोन तासांतच उतरतो, बाकीचं पुढच्या वेळी. भिंतीवरच्या पाटीवर आम्ही रकाने आखले: नाव, शेवटचं डायलिसिस कधी, पोटॅशियम किती, श्वास कसा. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच, शेवटचं कधी झालं? घर गेलं का, माणसं कुठे आहेत, हे विचारायला नंतर कुणीतरी बसायचं. आधी वार सांगा.

आणि खाल्लं काय, हा दुसरा प्रश्न. शहराच्या मध्यावर जॉर्ज ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये पाच हजारांची सोय केली होती, तिथे दहा हजार माणसं झाली. लोकांनी मदतीचा अक्षरशः पूर आणला. केळी, संत्री, डब्यातले राजमे, वेफर्स, खेळाडूंची रंगीत पेयं. एकूणएक गोष्ट आमच्या रुग्णांना वर्ज्य. भुकेलेल्या माणसाच्या हातात कुणी मायेने केळं ठेवलं तर तो ते खाणारच. पोटॅशियमने हृदय बंद पडतं तेव्हा ते आधी कळवत नाही, दुखत नाही, दम लागत नाही. पाय जरा जड होतात, एवढंच.

मंगळवारी पहाटे फोन वाजला. घरून असेल म्हणून दचकले. आमचं घर शहराच्या पश्चिमेला, बार्कर जलाशयाच्या वरच्या अंगाला. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर ह्यूस्टन वाचवायला सरकारने ॲडिक्स आणि बार्कर ही दोन मातीची धरणं बांधली. एरवी ती कोरडी असतात, आत झाडी आणि सायकलचे रस्ते. पुढे त्यांच्या पाणी साठायच्या पट्ट्यातच बंगल्यांच्या वसाहती झाल्या. घर घेताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आमच्या गल्लीत कुणालाच नव्हतं. सोमवारी पहाटे खालच्या बाजूला पाणी सोडायला लागले, तरी वरच्या बाजूला ते चढतच होतं. (२०१९ साली फेडरल न्यायालयाने या वरच्या घरांच्या नुकसानीसाठी सरकारला जबाबदार धरलं.) नवऱ्याने गणपती आणि मुलांना माडीवर नेलं होतं, आणि पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं.

पण फोन दादरहून होता, सासूबाईंचा. तिकडे दुपार. "अगं, तुमच्याकडे पाणी किती आहे?" असं त्यांनी विचारलं आणि मी उत्तर देण्याआधीच म्हणाल्या, "आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलंय." २९ ऑगस्ट २०१७. मुंबईही त्याच दिवशी बुडत होती. पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन त्याच दिवशी होतं. त्या दिवशी मुंबईतले एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ घराकडे चालत निघाले आणि पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये गेले, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी सासूबाईंना फक्त एवढंच म्हटलं की वीज बंद करा, वर शेजाऱ्यांकडे जाऊन बसा. त्यांनी मला सांगितलं की खाऊन घे.

सकाळी बसचे आजोबा आले. शनिवारी त्यांची शिफ्ट रात्रीची होती आणि तोवर त्यांच्या भागातली सगळी वाहतूक बंद झाली होती. शेवटचं डायलिसिस गुरुवारी, २४ तारखेला. पुढे दोन दिवस ते वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होते. मग कुणाच्या तरी मासेमारीच्या बोटीतून मोठ्या रस्त्यापर्यंत आणि तिथून खडी वाहायच्या ट्रकच्या हौद्यात बसून आमच्यापर्यंत. चालत आत आले, हसले, म्हणाले, "मिस, पाय ऐकत नाहीत." नाडी चाळिशीच्या खाली होती. ईसीजीवरच्या लहरी इतक्या रुंद झाल्या होत्या की एकीतून दुसरी ओळखू येईना. पोटॅशियमचा आकडा यायची वाट कुणी पाहिली नाही. शिरेतून कॅल्शियम, मागोमाग इन्सुलिन आणि ग्लुकोज. आकडा आला तेव्हा आठच्या वर, म्हणजे जीवघेणा होता.

त्यांनी खिशातून झिपची प्लास्टिक पिशवी काढली. आत घडी केलेलं कार्ड: कोरडं वजन (अंगात जादा पाणी नसतानाचं) किती, फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला तयार केलेली शीर) कुठल्या हातात, कुठली औषधं, आणि हेपटायटिस बी नाही हा अहवाल. हा शेवटचा कागद नसेल तर रुग्णाला वेगळं मशीन द्यावं लागतं, आणि वेगळं मशीन आमच्याकडे एकच होतं, तेही भरलेलं. बाहेरच्या केंद्रांतून आलेल्या निम्म्या लोकांना आपलं कोरडं वजन सांगता येत नव्हतं. त्यांच्या नोंदी बंद केंद्रांच्या कॉम्प्युटरमध्ये अडकलेल्या.

आता मशीन कुणाचं काढायचं? एका व्हिएतनामी आजींच्या छातीत पाणी भरलं होतं, त्या बसल्या जागी धापा टाकत होत्या. त्यांच्या पलीकडे एक तिशीतला मुलगा होता, तासभर झालेला, सुरुवातीचं पोटॅशियम सहाच्या आसपास. आमच्या डॉक्टरांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मुलाकडे गेले. तो चिडला. रात्रभर वाट पाहून नंबर लागला होता त्याचा. कसलाही मोठेपणा न दाखवता त्याने मला चार शब्द ऐकवले, आणि त्याचं चूक नव्हतं. तो दंडाला पट्टी बांधून कॉरिडॉरमध्ये जाऊन बसला, रात्री त्याला उरलेला तास दिला. माझ्याशी बोलला नाही. आजही तो युनिटमध्ये आला तर मान हलवतो, एवढंच.

आजोबांच्या लहरी तासाभरात आवळत आल्या. थोडं बरं वाटल्यावर त्यांनी पाणी मागितलं. दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी चालणारा माणूस, त्यातून वजन चार किलोने वाढलेलं. बर्फाचे दोन खडे दिले. ते चघळत त्यांनी खिडकीबाहेर बघून जे उद्गार काढले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, पण सगळं युनिट हसलं, तो चिडलेला मुलगा सोडून.

ह्यूस्टनला निदान नळाचं पाणी राहिलं. गुरुवारी ब्यूमॉन्ट शहराचे पंप बुडाले आणि गावाचा पाणीपुरवठाच बंद पडला. चहूकडे पूर आणि नळ कोरडा, म्हणून तिथल्या रुग्णालयाला रुग्ण हलवावे लागले.

राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या अहवालात हार्वेचे थेट बळी ६८ आहेत, तीन सोडून सगळे पुराच्या पाण्यात गेलेले. शिवाय आणखी ३५ अप्रत्यक्ष. त्यात विजेचा धक्का आहे, गाड्यांचे अपघात आहेत आणि उपचारांपासून तुटल्यामुळे झालेले मृत्यूही आहेत. नुकसान १२५ अब्ज डॉलर. पैशांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मला त्या ३५ मध्ये आमचे किती हे मोजायची सवय लागली आहे. महिन्याच्या आत, २० सप्टेंबरला, मारिया हे वादळ प्वेर्तो रिकोवर आदळलं. तिथे अधिकृत आकडा कित्येक महिने ६४ होता, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये सरकारने तो २,९७५ केला. मधल्यांत वीज, औषध, ऑक्सिजन, डायलिसिस न मिळालेले होते. व्हियेकेस बेटावरच्या आमच्यासारख्या रुग्णांना तर आठवड्यातून तीनदा विमानात बसवून मोठ्या बेटावर न्यावं लागत होतं.

आता दर जूनला, वादळांचा मोसम सुरू झाला की, आम्ही प्रत्येकाला झिपची पिशवी आणि कार्ड देतो, आणि सोबत तीन दिवसांच्या जेवणाचा तक्ता: मीठ नसलेलं, पोटॅशियम कमी, पाणी निम्मं. २०२४ च्या जुलैत बेरिल आलं, फक्त कॅटेगरी १. सोमवारी पहाटे किनाऱ्याला लागणार म्हणून आम्ही रविवारीच युनिट उघडलं. ते बरंच झालं, कारण नंतर वीस लाखांहून जास्त घरांची वीज गेली, काहींकडे आठवडाभर आली नाही. रविवारी सकाळी एका नव्या रुग्णाला फोन लावला, तर तो म्हणाला, "कॅटेगरी एक तर आहे. बुधवारी येतो." मी म्हटलं, हार्वे आपल्यावर पडलं तेव्हा ते एकसुद्धा नव्हतं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्याने विचारलं, पार्किंगचे पैसे रविवारी पण घेता का?

घेत नव्हतो. दुपारी तीनला आला.