तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांवर प्रयोग का करू दिला?

लग्नात विचारतात, दहाव्याला विचारतात, परवा नाशिकच्या सीबीएसला बसची वाट बघतानाही कुणीतरी विचारलंच, "वडिलांवर किडनीच्या औषधाचा प्रयोग कसा करू दिलास गं?" एकदाच लिहून टाकते.

मी काही करू दिलं नाही. सही अण्णांनी केली. सातपूरच्या कंपनीत आयुष्य काढलेला माणूस, मराठी फॉर्मची एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि डॉक्टरांना विचारलं, मला खरी गोळी मिळणार का खोटी, औषध नसलेली? डॉक्टर म्हणाले, ते मलाही कळणार नाही. बीपीची नेहमीची औषधं चालूच राहणार होती, पण हे कुणाला ऐकायचंच नसतं.

महिन्याने क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते, २.१ चं २.४ आलं. मी द्वारकेपासून घरापर्यंत रिक्षात रडले, घरात शिरल्या शिरल्या गोळ्यांची बाटली उचलून पर्समध्ये टाकली, म्हटलं बास झालं. अण्णा म्हणाले, "ठेव ती जागेवर. किडनी माझी आहे." मी नाही ठेवली. दोन दिवस. मग डॉक्टरांनी समजावलं की या जातीच्या गोळीने किडनीतल्या गाळण्यांवरचा दाब उतरतो, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वर जाऊ शकतं. फॉर्ममध्ये लिहिलेलं होतं हो! अण्णांनी वाचलेलं, मी नाही. पुढच्या व्हिजिटला गोळ्या मोजल्या तर दोन जास्त. अण्णा म्हणाले, "विसरलो." कधी गोळी न विसरलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला आणि ते तसंच कागदावर गेलं. मीही गप्प बसले.

२०२० ला डापाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले. अण्णांचा अभ्यास वेगळा, पण औषध त्याच जातीचं. किडनी निम्म्याने खालावणं, निकामी होणं किंवा किडनी-हृदयामुळे मृत्यू, हे गोळीवाल्या २१५२ पैकी १९७ जणांना झालं आणि खोट्या गोळीवाल्या तेवढ्याच लोकांत ३१२ जणांना. आज तुमच्याच घरात कुणीतरी ती गोळी घेतंय. त्या ३१२ जणांच्या मुलींनाही असंच विचारत असतील का?

अण्णा शेवटी डायलिसिसवर गेलेच. आपल्याला कुठली गोळी होती ते आम्हाला कळलं नाही. आधी मी ठामपणे सांगायचे, काही चुकलं नाही आमचं. आता तेवढ्या ठामपणे नाही सांगता येत. खोटी असेल तर तुमचा प्रश्न बरोबर वाटतो, खरी असेल तर ते दोन दिवस आठवतात. दोन दिवसांनी काही फरक पडत नाही हे कळतं मला, तरी आठवतात.