झिपरीची लोकर

थंडी आली हे आमच्या घरात कॅलेंडर पाहून कळत नाही, खंडूचा आकार पाहून कळतं. एरवी हा गडी फरशीवर चारी पाय चार दिशांना टाकून असा पसरलेला असतो की त्याला ओलांडायला उडी मारावी लागते. मग एके दिवशी पहाटे दिवा लावावा तर कोपऱ्यात त्याची चुंबळ झालेली असते. पाय पोटाशी, नाक शेपटीखाली, डोळे अर्धवट मिटलेले आणि चेहऱ्यावर ‘हे सगळं तुमच्यामुळे झालंय’ असा भाव. खंडूची चुंबळ दिसली की माळ्यावरून लोकरीची पिशवी खाली काढायची, हा आमचा मुहूर्त.

कुत्री दोन आहेत. खंडू बारा वर्षांचा, आखूड तुकतुकीत केसांचा, सडपातळ. झिपरी चार वर्षांची आणि नावाला जागलेली. तिच्या अंगावर दोन थर आहेत: वरती राठ लांब केस, त्यांच्याखाली कापसासारखी मऊ लव. ऊन, वारा, पाऊस वरच्या थराने झेलायचा आणि ऊब आतल्या थराने धरून ठेवायची, अशी वाटणी. खंडूला आतला थर जवळजवळ नाहीच. एकीला दोन रजया आणि दुसऱ्याला नुसता मलमलीचा सदरा, असं वाटप ज्याने कोणी केलं त्याला जाब विचारायला हवा. दाराखालच्या फटीतून बर्फासारखा वारा येतो तिथे पाठ लावून झिपरी घोरते. खंडू खोलीभर हिंडून, जिथे कोणी आत्ताच उठून गेलंय ती जागा शोधून काढतो आणि तिच्यावर हक्क सांगतो.

ही जागा त्याला कशी सापडते याचं मला फार दिवस कोडं होतं. वास घेत असणार, असं वाटायचं. २०२० साली स्वीडन आणि हंगेरीतल्या संशोधकांनी तीन कुत्र्यांना शिकवून दाखवलं की कुत्र्याच्या नाकाचा थंड, ओलसर शेंडा दुरून येणारी मंद उष्णतासुद्धा ओळखतो. तेव्हापासून खंडूचं गार नाक माझ्या पोटरीला लागलं की मी ओरडत नाही. बिचारा मोजमाप घेतोय, एवढंच म्हणते.

संध्याकाळची बैठक ठरलेली आहे. दिवाणाच्या कोपऱ्यात मी, शेजारी लोकरीची टोपली, आणि मी टेकल्यावर अर्ध्या मिनिटात पायांवर खंडू. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळातच साडेअडतीस अंशांच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा दीडएक अंश जास्त. माणसाला असेल तर ताप म्हणून गोळी देतील, कुत्र्याला असतो तेव्हा तो निरोगी असतो. तर असा कायम तापलेला, अधूनमधून स्वप्नात पाय झाडणारा शेक पावलांना मिळाला की उठणं संपलं. फोन वाजतो तो वाजू द्यायचा. पाणी प्यायचं राहून जातं. हात तेवढे मोकळे असतात, म्हणून विणकाम होतं. ‘काय चिकाटी आहे हो तुमची,’ असं कोणी म्हणालं की मी हसून घेते. चिकाटी कसली, मी अडकलेली असते.

अर्थात कुत्र्यांच्या घरात हस्तकला करणं म्हणजे सीमेवर शेती करणं. गोधडीसाठी जुन्या साड्यांचे तुकडे जमिनीवर नीट रंगसंगतीने मांडावेत, जरा लांब उभं राहून बघावं, तोवर त्यांच्या बरोबर मध्यभागी झिपरी येऊन बसलेली असते. आख्खी खोली रिकामी असते, पण हिला तेवढाच चौकोन हवा. उठवलं तर अंगाखालचे चार तुकडे नखांत घेऊन उठते. मग मी तिला मध्ये ठेवूनच भोवतीची मांडणी करते. आमची एक गोधडी मध्ये थोडी गचाळ आहे त्याचं कारण हे.

धाग्याच्या बाबतीत मात्र मी थट्टा करत नाही. झिपरी पिल्लू असताना तिच्या तोंडातून लोकरीचं टोक लोंबताना दिसलं आणि मी ते ओढायला हात पुढे केला. नशीब, आधी डॉक्टरांना फोन लावायची बुद्धी झाली. धागा आत कुठे अडकलेला असेल तर परकराची नाडी ओढल्यावर जसं कापड चुणतं तसं आतडं धाग्यावर गोळा होत जातं, आणि ओढलं तर चिरतंसुद्धा. त्यामुळे टोक दिसलं तरी ओढायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. झिपरीचं त्या वेळी निभावलं, धागा छोटाच होता. पण तेव्हापासून कापलेलं प्रत्येक टोक मी डबीत टाकते आणि सुया-लोकर झाकणाच्या टोपलीत. घरातल्या बाकीच्या पसाऱ्याबद्दल माझं नाव घेण्यासारखं काही नाही, पण ती डबी पाहायला या.

आता केसांबद्दल. झिपरी वर्षातून दोनदा कात टाकल्यासारखी केस टाकते. दिवस लहान-मोठा व्हायला लागला की तिच्या अंगाला कुठून तरी कळतं, आणि थंडी सरताना तर आतली सगळी लव झुबक्याझुबक्यांनी सुटून येते. ब्रश फिरवावा तेवढे ढग निघतात. आमच्या घरात शुद्ध मेंढीची लोकर ही कल्पनाच अस्तित्वात नाही. काहीही विणलं तरी त्यात चार-दोन केस आपोआप विणले जातात. भाच्याला कानटोपी दिली तर तो म्हणाला, ‘मावशी, ही भुंकणार नाही ना?’

त्याच वाक्यावरून किडा डोक्यात शिरला. एवीतेवी केस विणले जातातच, तर मग हक्काने का विणू नयेत? एकीकडे लोकर सांडतेय, दुसरीकडे तिच्यावाचून एक जण कुडकुडतोय, आणि मधे मी झाडू घेऊन उभी.

हे खूळ माझं एकटीचं नाही हे पुढे वाचनात आलं तेव्हा फार बरं वाटलं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोस्ट सेलिश लोक खास लोकरीसाठी कुत्री पाळत. १७९२ मध्ये तिथे पोहोचलेल्या कॅप्टन व्हँकुव्हरने ही कुत्री पाहिली आणि ती मेंढ्यांसारखी अगदी कातडीपर्यंत भादरलेली आहेत असं लिहून ठेवलं. त्यांचे केस डोंगरी बकऱ्याच्या लोकरीत मिसळून तिथल्या बायका घोंगड्या विणायच्या. एकोणिसावं शतक सरता सरता ती जात संपली. त्यातल्या एका कुत्र्याचं १८५९ सालचं कातडं मात्र अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेलं आहे, आणि २०२३ मध्ये त्याच्या जनुकांचा अभ्यास होऊन असं निघालं की हा वंश जवळपास पाच हजार वर्षं वेगळा राखलेला होता. त्या कुत्र्याचं नाव होतं मटन. लोकर देणाऱ्या कुत्र्याचं नाव मटन ठेवणारा माणूस मला भेटायला आवडला असता.

तर गेल्या मोसमात मी झिपरीची फक्त आतली लव जमवली. वरचे राठ केस घेतले तर ते टोचतात. उशीची एक खोळ टम्म भरली. एवढ्यात दोन स्वेटर होतील असं वाटून वजन केलं तर नव्वद ग्रॅम. ढग मोजायला गेल्यावर असंच होणार. मग ती लव कोमट पाण्यात शाम्पू घालून बुडवून ठेवली, न चोळता. चोळलं की गोळा होतो. झिपरीच्या कानामागे जी गाठ होते आणि जी सोडवताना ती मला शिव्या देते, तशीच गाठ बादलीत झाली असती.

पिंजायला तिचेच दोन जाळीदार ब्रश घेतले. कातायला सासूबाईंनी ट्रंकेतून टकळी काढून दिली. त्यांना लहानपणापासून येते. मला वाटलं, फिरवायची आणि धागा निघतो. टकळी फिरायची, धागा दोन वीत निघायचा, तुटायचा, टकळी धपकन खाली, आणि दोन्ही कुत्री भुंकत दाराकडे. दहा वेळा असं झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरून चौकशी आली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘अगं, पीळ खाली पोचायच्या आधी हात सैल सोडतेस तू. आणि हे केस सुळसुळीत आहेत, एकमेकांना धरत नाहीत. सोबत मेंढीची घाल.’

बरोबर होतं त्यांचं. मेंढीच्या केसाला नागमोडी वळणं असतात, त्यामुळे केस एकमेकांत अडकतात, धागा ताणला तर परत येतो. त्या वळणांत हवा कोंडून राहते म्हणून ऊब. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही. झिपरीची लव मऊ आहे, उबदार आहे, पण सरळ आणि स्वभावाने सैल. दोन भाग मेंढी आणि एक भाग झिपरी असं मिश्रण केलं तेव्हा कुठे धागा टिकला. करड्या रंगाचा, कुठे बोटभर जाड तर कुठे दोऱ्याएवढा, आणि भोवती धुक्यासारखी लव. सासूबाईंनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, ‘सुरवंट आहे, पण चालेल.’

सुरवंट जेमतेम गळ्यापुरताच होत होता, उरलेलं अंग कशाचं करायचं हा प्रश्न होता. ह्यांचा एक कॉफी रंगाचा स्वेटर वर्षानुवर्षं पडून होता, तो उसवला. उसवणं हे काम मला विणण्यापेक्षाही आवडतं. विणायला महिना लागलेला, आणि टोक सापडलं की तासाभरात सगळं सरसर परत येतं. उसवलेल्या धाग्याला जुन्या टाक्यांची वळणं राहतात. त्याची लड करून, भिजवून, खाली वजन बांधून वाळत घातली की ती जातात. लड गुंडाळताना त्या कॉफी रंगात एक पांढराशुभ्र केस सापडला. आमच्या दोन्ही कुत्र्यांपैकी पांढरं कोणीच नाही. तो बंड्याचा, खंडूच्या आधीचा. मी तो काढला नाही, तसाच गुंड्यात जाऊ दिला.

खंडूचं माप घेणं हा स्वतंत्र अध्याय आहे, कारण टेप पाहिला की त्याला दवाखाना आठवतो. तीन मापं लागतात: मान, छातीचा घेर आणि मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंतची पाठ. चौथी गोष्ट माप नसून अक्कल आहे. नर कुत्र्याचा स्वेटर पोटाखाली बराच आखूड ठेवायचा. त्याच्या पहिल्या स्वेटरला मी तो पाठीइतकाच लांब केला होता. चूक काय झाली ते पहिल्या सकाळी पहिल्याच झाडापाशी कळलं. गळ्याला आणि पायांच्या भोकांना दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी घातली म्हणजे ताणून चढतो आणि परत अंगाला बसतो. मध्ये सगळा सुलट टाका, डोळे मिटून.

तेरा दिवसांत स्वेटर झाला. खंडूच्या अंगात चढवला आणि खंडूचा पुतळा झाला. कुत्र्यांना कपडे घातले की काही जणांचं असं होतं, पाय असल्याचंच विसरतात. डोळे तेवढे हलत होते. मग त्याने मान वळवली, गळपट्टीचा वास घेतला, आणि एकदम झिपरीकडे पाहिलं. पुन्हा गळपट्टी हुंगली, पुन्हा झिपरीकडे पाहिलं. दोनदा धुऊन, पिंजून, मेंढीत मिसळूनही त्याच्या नाकाला झिपरी तिथे समोर बसली होती आणि इथे गळ्यातही पडली होती. बारा वर्षांत इतका गोंधळलेला मी त्याला पाहिला नव्हता.

झिपरी उठली. त्याच्या गळ्याशी नाक लावून तिने सावकाश, पूर्ण चौकशी केली. आता बहुतेक चाटेल, माया करेल, म्हणून मी फोनचा कॅमेरा काढला. तिने गळपट्टी दातांत धरली आणि हलकेच, पण ठामपणे मागे ओढायला सुरुवात केली. तिचं तिला परत हवं होतं.

सहा टाके गेले.

सुरवंट थोडा शिल्लक होता म्हणून बरं. काल रात्री दुरुस्ती काढली. स्वेटर उतरवायचा तर चार पाय, एक मान आणि एक रुसवा, एवढं सगळं काढावं लागलं असतं. खंडू त्यातच माझ्या पायांवर झोपला होता, म्हणून मी तशीच वाकून, घोरणाऱ्या कुत्र्याच्या मानेवर टाके उचलले. श्वास आत गेला की टाका घट्ट, बाहेर आला की सैल. त्याच्या श्वासाच्या चालीवर सुई घालत गेले आणि शेवटचा टाका बंद केला. आता फक्त धागा कापायचा राहिला होता. कात्री समोरच्या टेबलावर.

‘अहो, जरा कात्री देता का?’

खुर्चीतून उत्तर आलं, अगदी दबक्या आवाजात. ‘कशी देऊ? ही आत्ता कुठे झोपलीये.’

पाहिलं तर ह्यांच्या मांडीवर झिपरीचं डोकं, पाठ खुर्चीच्या हातावर आणि मागचे दोन्ही पाय हवेत. ह्यांच्या एका हातातला पेपर वाचून संपला असावा, कारण तो उलटा धरलेला होता. सासूबाईंना हाक मारावी तर आतून टकळी पडल्याचा आवाज आला, मग ‘अगं बाई’, मग पुन्हा शांतता.

मी धाग्याचं टोक बोटाला गुंडाळून घेतलं, सुटून कोणाच्या तोंडात जायला नको म्हणून, आणि मागे टेकून बसले.