एक सेकंद उशिरा पोचणारा पिंग

सापडलं! माझ्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये महिनाभर डोकं खाणारं ते अडकलेलं पॅकेट तीन रात्रींपूर्वी सापडलं. चूक कार्डाची नव्हती, केबलची नव्हती, माझी होती. आणि तीही एका ओळीची.

मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते थोडक्यात. आरटीएल ८१६८ या नेटवर्क चिपसाठी शून्यापासून लिहिलेला माझा लिनक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) डेस्कटॉपवर नीट चालायला लागला, म्हणून तो रास्पबेरी पायच्या कंप्यूट मॉड्यूल ४ या आर्म६४ बोर्डावर आणला. 'हे पॅकेट आता कार्डाचं' असं सांगणाऱ्या ओन बिटच्या आधीचे डब्ल्यूएमबी (बॅरियर, म्हणजे मेमरीतल्या लिखाणाचा क्रम राखणारी सूचना) काढून डीएमए-डब्ल्यूएमबी (त्याचाच हलका भाऊ) घातले. मशीन कोड दाखवणाऱ्या ऑब्जडंपमध्ये 'डीएसबी एसटी'च्या जागी 'डीएमबी ओएसएचएसटी' दिसलं तेव्हा मी एकट्यानेच टाळी वाजवली होती. (एक्स८६ वर त्या जागी काहीच दिसत नाही. तिथे हा बॅरियर नुसता कंपायलरला दटावतो.) रात्रभर आयपर्फ (नेटवर्कवर सतत गर्दी करणारी चाचणी) चालवला, एकही पॅकेट गळलं नाही. खूश.

मग सहज म्हणून साधा पिंग (दर सेकंदाला एक पॅकेट पाठवून उत्तराला लागलेला वेळ छापणारा प्रोग्राम) लावून झोपलो. सकाळी पाहतो तर सगळ्या ओळी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत, आणि मध्येच एक १००३ मिलिसेकंदांची! रात्रभरात अशा चार ओळी. हरवलं काहीच नाही, नुसता उशीर. तोही दर वेळी सेकंदाच्या आसपासच.

पहिला संशय अर्थातच कार्डावर. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून घेतलेलं, चिपवरची अक्षरं पुसट, पत्र्याची पट्टी वाकडी. दुसरीकडून दुसरं कार्ड आणलं. तेच. एमएसआय (कार्डाने इंटरप्ट पाठवायची एक पद्धत) बंद केलं. तेच. डोअरबेलनंतर (नवं पॅकेट आलंय असं कार्डाला सांगणारी घंटा, म्हणजे त्याच्या रजिस्टरमधलं एक लिखाण) रजिस्टर परत वाचून वाटेत रेंगाळणारं ते लिखाण, पोस्टेड राईट, कार्डापर्यंत रेटून पाहिलं. तेच. प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) घातला की आजार गायब, काढला की हजर.

वाट सापडली ती समोरच्या मशीनवर टीसीपीडंप (येणारी पॅकेटं वेळेसकट दाखवणारं साधन) लावल्यावर. उशीर झालेला पिंग आणि त्याच्या मागचा पिंग एकाच मिलिसेकंदात पोचत होते. म्हणजे पहिला रिंगमध्ये (पाठवायच्या पॅकेटांची मेमरीतली रांग) बसून राहायचा, आणि दुसऱ्याने घंटा वाजवली की दोघे मिळून बाहेर पडायचे. तो एक सेकंद म्हणजे दोन पिंगमधलं अंतरच! मग अंतर ३० सेकंद केलं, म्हणजे अडकलेलं पॅकेट बघायला निवांत वेळ मिळेल. दोन दिवस वाट पाहावी लागली. शेवटी रिंगचा डंप हाती आला: पत्ता बरोबर, लांबी बरोबर, ओन बिट १. पानं वाढून तयार, आणि पाहुणा झोपलेला.

इथे ट्यूब पेटली. बिट आत्ता १ दिसतोय, पण घंटा वाजली त्या क्षणी कार्डाला तो ० दिसला असणार. कार्ड उठलं, डिस्क्रिप्टर (रिंगमधली त्या पॅकेटची नोंद) वाचला, 'हा आपला नाही' म्हणून परत आडवं झालं. बिटाचं लिखाण मेमरीत पोचलं ते त्यानंतर. आणि हे होऊ दिलं कोणी? वेगाच्या नादात मी डोअरबेलचा राईटबी (कार्डाच्या रजिस्टरमध्ये एक बाइट लिहिणारं फंक्शन) बदलून राईटबी-रिलॅक्स्ड केला होता! आर्म६४ वर साध्या राईटबीच्या पोटातच बॅरियर असतो, रिलॅक्स्डमध्ये नसतो. माझा डीएमए-डब्ल्यूएमबी पत्ता आणि ओन बिट यांच्यामध्ये इमानाने उभा होता. ओन बिट आणि घंटा यांच्यामध्ये कोणीच नव्हतं. कर्नलच्या मेमरी बॅरियरच्या कागदपत्रात नेमकं हेच उदाहरण आहे, शेवटच्या राईटएलसकट (राईटबीचाच चार बाइटांचा भाऊ). मी ते ओन बिटच्या ओळीपर्यंत वाचून मिटलं होतं.

मग आयपर्फमध्ये का नाही दिसलं? तर कर्नलमध्ये याच चिपसाठी असलेल्या मूळ आर८१६९ ड्रायव्हरमधली एक युक्ती मी उचलली होती. पॅकेटं फार जवळजवळ आली की या चिपवर टीएक्सपोल (म्हणजे याच घंटा) हरवतात, म्हणून ट्रान्समिट पूर्ण झाल्यावर रिंगमध्ये काही उरलं असेल तर घंटा पुन्हा वाजवायची. गर्दीत ती दुसरी घंटा माझं पाप झाकत होती. शांततेत झाकायला कोणी नव्हतं.

राईटबी परत आणला. तीन रात्री झाल्या, चारअंकी एकही ओळ नाही.

हत्यारांबद्दल: क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये आरटीएल ८१३९ मिळतं, ८१६८ नाही. मिळालं असतं तरी हा प्रकार तिथे दिसण्याची आशा मी धरली नसती. कर्नलच्या मेमरी मॉडेलमध्ये (मेमरीच्या क्रमाचे नियम तपासायचं साधन) डीएमए (कार्डाने थेट मेमरी वाचणं-लिहिणं) आणि एमएमआयओ (कार्डाची रजिस्टरं वाचणं-लिहिणं) धरलेलेच नाहीत. कामाला आला तो माईक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला पिंग. गंमत म्हणजे डीएमए-डब्ल्यूएमबीसारखे हलके बॅरियर कर्नलमध्ये २०१५ मध्ये, ३.१९ ला आले, तेव्हा ते वापरणाऱ्या पहिल्या ड्रायव्हरांत आर८१६९ होता. उत्तर इतकी वर्षं समोरच पडलेलं.

पुढचा बेत होता रिलॅक्स्डच ठेवून मधे वेगळा बॅरियर घालायचा आणि दोन्हींची वेळ मोजायची. पण लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? एक्समिट-मोर ('मागे आणखी पॅकेटं आहेत' असा कर्नलचा इशारा) वापरून आठ-दहा पॅकेटांमागे एकदाच घंटा वाजवली तर तो एक बॅरियर खर्चात दिसणारही नाही. तेव्हा मोजणी रद्द, आधी एक्समिट-मोर. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा बोर्ड त्यानंतर. तिथला राईटएल 'फेन्स डब्ल्यू,ओ' काढतो: आधी मेमरी, मग आयओ, असं इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेलं. हे आधी पाहिलं असतं तर महिना वाचला असता.

थांबा. वरचं सगळं तपासायला रिसीव्हची फाईल उघडली, तर व्हीएलएएन टॅग (एकाच केबलवरची वेगवेगळी नेटवर्कं ओळखायची खूण) मी डीएमए-आरएमबीच्या, म्हणजे वाचण्याचा क्रम राखणाऱ्या बॅरियरच्या, वरच वाचतोय. घरात व्हीएलएएन नाही, म्हणून कधी कळलंच नाही. एक्समिट-मोर उद्या.