आमची वाटचाल : जुन्या पलटणीला नवा रंग

आमच्याकडे येणारी खोकी बहुतेक बुटांची असतात. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले, बोटाच्या दोन पेरांएवढे अंतराळसैनिक. कुणाचा हात निखळलेला, कुणाची बंदूक वाकलेली, आणि अंगावर इतका जाड रंग की चिलखताचे खिळेसुद्धा दिसत नाहीत. ते खिळे पुन्हा दिसू लागावेत, हेच आमचं काम आहे.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘वॉरहॅमर 40,000’ हा टेबलावर खेळायचा युद्धखेळ इंग्लंडमध्ये 1987 साली आला. खेळाडू आपली पलटण स्वतः जोडतो, स्वतः रंगवतो, पट्टीने अंतर मोजून ती पुढे सरकवतो आणि फासे टाकून लढतो. नवे संच मागवायचे तर खिशाला जड जातात, म्हणून आपल्याकडे जुन्या संचांना मोठी मागणी आहे. परदेशातली नोकरी संपवून परतलेला कुणी आपली पेटी विकतो, कुणाचा छंद मागे पडतो, आणि ते सैनिक पुणे, बंगळूर, मुंबई असे फिरत फिरत नाशिकला आमच्या टेबलावर येतात.

मी सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होतो. भिंगाखाली सुटे भाग पाहायची सवय तिथली. माझी आतेबहीण मात्र रंगातच वाढली. आत्याचा पंचवटीत गणपतींचा कारखाना, त्यामुळे हिच्या हाती ब्रश शाळेच्या आधी आला. मी जोडणी आणि दुरुस्ती पाहतो, ती रंग पाहते. डोळ्यांच्या आखणीवरून आमची पहिल्याच ऑर्डरला चर्चा झाली. मूर्तीची आखणी शेवटी होते, म्हणून मी डोळे शेवटी धरले होते. ती म्हणाली, “दादा, इथे डोळे आधी. रेघ जाड झाली तर चेहऱ्याचा रंग कडेने चढवून डोळा बारीक करता येतो. शेवटी केले तर सगळा चेहरा जाईल.” मिलिमीटरभरही नसलेल्या डोळ्यासाठी तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

तरीही आमचं नाव झालं ते जुना रंग उतरवण्याच्या कामामुळे. लोकांना वाटतं, रंगवणं ही कला आणि धुणं ही हमाली. माझं मत उलटं आहे. नीट न उतरवलेल्या थरावर कितीही सुंदर रंग दिला तरी बारकावे बुजलेलेच राहतात.

आधी ओळखायचं की सैनिक कशाचा आहे. धातूचा हातात जड लागतो, त्याला ॲसिटोन चालतं. प्लॅस्टिकचा असेल तर तो पॉलिस्टायरीनचा, आणि ॲसिटोनमध्ये तो विरघळून जाईल. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल, नाहीतर चक्क डेटॉल. डेटॉल पाणी न घालता वापरायचं. सैनिक रात्रभर बुडवून ठेवायचे आणि जुन्या टूथब्रशने घासायचे, पण घासताना पाण्याचा थेंब लागता कामा नये. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट गोळा होतो आणि तो चिलखताच्या खाचांत बसतो. आधी ताज्या डेटॉलनेच धुवायचं, मग भांड्यांच्या साबणाने. रेझिनचे सैनिक द्रवात फार वेळ ठेवले तर मऊ पडतात, त्यांच्यापाशी बसूनच राहावं लागतं.

खूप जुन्या धातूच्या सैनिकांत शिसं असू शकतं. ते आम्ही कोरडे घासत नाही, हातमोजे घालतो आणि त्या टेबलावर चहाचा कपसुद्धा येऊ देत नाही. लाकडी कपाटात वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या शिशावर कधी पांढरट भुकटी दिसते. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिसं खाल्लं जातं. असे सैनिक तुमच्याकडे असतील तर कृपा करून प्लॅस्टिकच्या डब्यात हलवा.

सांधे उकलायचीही रीत आहे. सुपरग्लूचा जोड फ्रीजरमध्ये ठेवला की ठिसूळ होतो आणि हलक्या हाताने सुटतो. प्लॅस्टिक सिमेंटचा जोड सुटत नाही, कारण त्यात दोन्ही भाग वितळून एक झालेले असतात. तिथे करवतच लागते. बारीक करवत आणि सुईसारख्या कानशी मी सराफ बाजारातून आणतो. सोनाराला जे अवजार चालतं ते आम्हालाही चालतं. तुटलेला हात बसवताना दोन्ही बाजूंना छिद्र पाडून आत पितळी तार घालतो. ज्यांना शस्त्रं बदलून खेळायचं असतं त्यांच्यासाठी खांद्यात छोटे निओडिमियम चुंबक बसवतो.

नाशिकच्या हवेने आमचं वेळापत्रक ठरवलं. पावसाळ्यात दमट हवेत स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारला तर पृष्ठभाग खरखरीत होतो, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही प्रायमर ब्रशने लावतो. एप्रिल-मेमध्ये उलट, रंग ब्रशवरच सुकतो. तेव्हा पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग.

मला सर्वात प्रिय असलेलं काम एका पुण्याच्या गिऱ्हाइकाचं. या खेळात आपली स्वतःची तुकडी, तिचे रंग, तिचं चिन्ह कल्पून काढायची मुभा आहे. त्यांनी सांगितलं, “माझे सैनिक सह्याद्रीतल्यासारख्या ग्रहावर लढतात.” मग मी आणि बहीण पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून कातळ पाहून आलो. आपला बेसाल्ट सरसकट काळा नाही. त्यात जांभळट, तपकिरी छटा आहेत, आणि लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसल्याने डोंगराला पायऱ्या पडतात. सैनिकांच्या तळाशी असलेल्या चकत्यांवर आम्ही झाडाच्या सालीचे तुकडे आडवे रचून तसेच थर केले, कडांवर कोरड्या ब्रशने राखाडी रंग ओढला आणि मधल्या खोलगटीत तांबूस माती दिली. चिलखतं जुनीच होती, पण ती पलटण जगात दुसरीकडे कुठे नसेल.

एक गोष्ट आम्ही करत नाही. मूळ सैनिकावरून साचा काढून ओतलेल्या चोरट्या प्रती रंगवायला घेत नाही. बोथट कडा आणि हवेच्या बुडबुड्यांची छिद्रं पाहिली की त्या बहुतेक ओळखू येतात. मूळ मूर्ती घडवणाऱ्याच्या मेहनतीवर आमचं पोट आहे.

सैनिक पाठवणार असाल तर कापसात गुंडाळू नका, तंतू टोकांना अडकतात आणि बोटं तुटतात. टिश्यू पेपर वापरा, सुटे भाग वेगळ्या पुडीत ठेवा, आणि आधी कोणता रंग किंवा गोंद वापरला हे आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहा. दिवाळीच्या आधी हवे असतील तर गणपतीपूर्वी आमच्या हातात द्या. गणपतीआधीचे काही आठवडे बहीण आत्याच्या कारखान्यात असते, आणि तिच्याशिवाय आखणीला मी ब्रश उचलत नाही.