वळणाचा जिना

अण्णा, म्हणजे माझे सासरे, काल काही वाईट बोलले नाहीत. हे आधी लिहून ठेवते, कारण दिवसभर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतेय आणि भांडणात दर वेळी तेच जिंकतायत.

नव्या घराचा प्लॅन टेबलावर पसरलेला, पंख्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार वाट्या. सगळ्यांनी आपापलं तेवढं बघून घेतलं. माईंनी देवघर ईशान्येला आहे ना ते. ह्याने दोन गाड्या बसतात का ते. (आहे एकच.) चिंगीने स्वतःच्या खोलीची खिडकी. अण्णांनी चष्मा पुसला, जिन्यावर बोट ठेवलं आणि खालून वर नेलं. मग वरून खाली. वळणावर बोट थांबलं.

"चढू कसेही. पण माणूस खाली कसा आणणार?"

आर्किटेक्ट मुलगा बिचारा विशीपंचविशीतला. म्हणाला, "काका, लिफ्टची तरतूद ठेवता येईल. आत्ता नुसता खड्डा आणि डक्ट ठेवू, पुढे कधीही बसवा."

"लिफ्टमधे उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल नाही बोलत मी."

माई चहा बघायला उठल्या. चहा मघाशीच झाला होता. हा मोबाईलमधे शिरला. त्या मुलाला उशिराने कळलं आणि त्याचे कान लाल झाले. मी वाटी उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

बस, एवढंच घडलं. कोणी रडलं नाही, कोणी उठून गेलं नाही. नंतर स्विचबोर्डांवर अर्धा तास चर्चासुद्धा झाली.

मला लागलं ते नेमकं काय, हे अजून हाताला येत नाहीये. घराला पाया खणायच्या आधीच त्यातून बाहेर कसं काढायचं हा प्रश्न? की तो माईंसमोर विचारला म्हणून? की सगळ्या प्लॅनमधली माझी सगळ्यात लाडकी जागा तीच होती आणि त्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं?

जिना आमच्या घरात हौस म्हणून आलेला नाही. 22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हापासून "आता राहायचं ते वर" हे अण्णांचंच वाक्य. 26 जुलै 2005 ला पाणी आलं होतं तेव्हा त्यांनी माजघराच्या भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली होती, आणि पुढची सगळी वर्षं आम्ही त्या रेघेच्या भरवशावर राहिलो. महत्त्वाचं ते सगळं रेघेच्या वर. 2021 ला पाणी त्या रेघेला न विचारता वर गेलं. प्लायवूडची कपाटं अशी फुगली की दारं उघडेनात, शेवटी कोयत्याने फोडली. लग्नाचा अल्बम चिखलातून निघाला तो एक वीट होऊन. सोडवायला गेलो तर माझा चेहरा ह्याच्या काकूंच्या साडीला चिकटून आला. तो फोटो मी टाकलेला नाही, का ते माहीत नाही.

तर आता नवं घर म्हणजे खाली नुसते खांब, गाडी आणि झोपाळा, राहतं घर सगळं पहिल्या मजल्यावर. आमची जागा निळ्या (नेहमीच्या मोठ्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या, त्याहून मोठ्या पुराच्या) पूररेषेच्या मधे येते, म्हणजे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा दीड फूट उंच जोतं हवं. त्यापेक्षा खांबच बरे, पाणी आलं तर खालून येईल आणि जाईल. मीटर वर, वायरिंग छतातून खाली उतरणारं, पंपाची मोटर पहिल्या मजल्यावर. सेप्टिक टाकीच्या पाइपला उलट पाणी येऊ न देणारा व्हॉल्व्ह, कारण त्या दिवशी घरात सगळ्यात आधी पाणी दारातून आलंच नव्हतं, न्हाणीतून आलं होतं. पाणी या विषयावर आम्ही इतका विचार केलाय की दुसऱ्या कशाचा करायचा राहिला असेल तर आश्चर्य नाही.

आणि साडेदहा फूट चढायचं, सात इंचांची पायरी, म्हणजे अठरा पायऱ्या. त्या बसवायला मी आलेखाचा कागद घेऊन बसले. तीन फूट रुंदीचा जिना, मधे वळण. वळणावर सपाट चौथरा न देता त्रिकोणी पायऱ्या द्यायच्या ही कल्पना आर्किटेक्टची. "जागा वाचते मॅडम." वाचली. दोन फूट. ते दोन फूट मी कोठीच्या खोलीला दिले आणि कोठी साडेसहा बाय चार झाली. तांदळाचं पिंप, कोकमाच्या बरण्या, कुळीथ, पापडांचे डबे, सगळं एका जागी. मला या घरात आल्यापासून डबे पलंगाखाली, माळ्यावर, दाराआड असे घरभर भेटत आलेत. ओटासुद्धा पहिल्यांदाच माझ्या उंचीचा होणार आहे. माई उंच, आत्या उंच, ह्या घराण्यातल्या सगळ्या बायका उंच, आणि मी इतकी वर्षं खांदे वर करून पोळ्या लाटल्यात.

म्हणून वाटलं असेल का, की माझी दोन फुटांची खोली आणि त्यांचं मरण एकाच मापात बसवलं त्यांनी? वाटलंच. काल रात्री तर असं वाटलं की मी जन्मभर या घराचा हिशेब ठेवायचा, कुणाला कुठली उशी लागते ते लक्षात ठेवायचं, आणि एकदा स्वतःसाठी दोन फूट घेतले तर थेट तिरडीच आडवी यावी! हे वाक्य काल रात्री मला फार करुण वाटलं होतं. आत्ता लिहिल्यावर जरा जास्तच वाटतंय.

पण त्यांचं खोटं नाही. जुन्या घराला सगळं सरळ आहे. माजघर, त्यापुढे ओटी, ओटीला तीन पायऱ्या, अंगण. आजेसासूबाई गेल्या तेव्हा कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं. माजघरातून अंगणापर्यंत एका रेषेत. घर बांधणाऱ्यांनी तेवढ्यासाठीच तसं बांधलं असेल असं नाही, पण माणसं येतातही त्याच रेषेतून आणि जातातही. नानांच्या वेळचं मी इथे लिहिणार नाही. तेव्हा दवाखान्यातूनच परस्पर.

आत्यांचा फोन आला होता. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. म्हणाल्या, "अण्णांचं काय मनावर घेतेस, पहिल्यापासून तसेच." मग पाच मिनिटांनी, "पण जिना रुंद कर हो." ह्याचं म्हणणं, त्यांना कपाट म्हणायचं असेल, माईंचं लोखंडी कपाट खाली-वर कसं न्यायचं. मी म्हटलं, त्यांनी माणूस म्हटलं. तर म्हणाला, "तू शब्दाला धरून बसतेस." यावर मी काही बोलले नाही, ते पुढच्या आठवड्यासाठी ठेवलंय.

वास्तूवाल्यांकडे यावर काही नाही, बघितलं. थोरल्यांची खोली नैर्ऋत्येला म्हणतात. आमच्याकडे पाऊस झोडपतो तोच नैर्ऋत्येकडून, त्या अंगाच्या भिंतीला सासूसासऱ्यांनी उभ्या हयातीत दर मे महिन्यात झावळ्यांची झापं बांधली. तरी खोली तिकडेच, माईंचा हट्ट. असो.

आज संध्याकाळी मीच म्हटलं, बघूया तरी. अंगण झाडून रांगोळीने जिना काढला, अगदी मापात. तीन फुटांवर दोन रेघा, वळण, परत तीन फूट. भिंतीच्या जागी खुर्च्या, पाटाच्या थप्प्या, एक उपडी बादली. माळ्यावर चढायची लाकडी शिडी काढली, ती साधारण माणसाएवढीच लांब आहे. पुढे हा, मागे मी. चिंगी मोबाईलवर चित्रण करायला लागली, तिला ओरडले. शेजारच्यांनी विचारलं काय चाललंय, तर हा म्हणाला, "फर्निचर."

वळणाला शिडी अडकली. पुढचं टोक खुर्चीला, मागचं बादलीला. हा म्हणतो तू मागे हो, मी म्हणते तू तिरका हो. बादली गडगडत तुळशीपर्यंत गेली.

"उभी करा," अण्णा ओटीवरून. सगळं बघत बसले होते, मला वाटलं पेपर वाचतायत.

आम्ही शिडी उभी केली. उभी केली की वळते. बरोबर वळते.

"म्हणजे जाताना उभ्याने जायचं," अण्णा म्हणाले. "चालेल. रेशनपासून बँकेपर्यंत उभाच राहिलोय."

पहिल्यांदा माई हसल्या. अशा की पदर तोंडाला लावून आत जावं लागलं. मग हा. मी शिडी धरून उभी, मला आधी राग आला आणि रागातच हसू फुटलं, आणि शिडी हातातून सुटली ती रांगोळीच्या जिन्यावर. सहा पायऱ्या पुसल्या.

मग अण्णांनी जे सांगितलं ते ते कधी बोलले नव्हते. त्या पहाटे समोरच्यांच्या माडीवर त्यांना पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीतून चढवलं होतं, हे आम्हाला माहीत आहे, मी मागेच होते, माईंना धरून. पण मी मागून बघितलं. ते खुर्चीत होते. त्या जिन्यालाही वळण आहे. वळणावर पोरांनी खुर्ची कलती केली, अंधार, खाली पाण्याचा आवाज, आणि त्यांची पाठ भिंतीला घासत गेली. मांडीवर ठेवींच्या पावत्यांची पिशवी. "पिशवी धरू की कठडा धरू कळेना," म्हणाले. "पिशवी धरली." दुसऱ्या दिवशी खाली उतरवताना सगळ्या पायऱ्यांवर गाळ, आणि पोरं म्हणत होती काका हलू नका, काका हलू नका. "माणूस असा न हलता बसला ना," ते म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. चहा मागितला.

म्हणजे मी काल रात्रभर जिथे पोचले होते तिथे ते नव्हतेच. किंवा तिथेही असतील. विचारलं नाही. त्यांना कुणीतरी उचलून नेलेलं आहे आणि मला कुणी नेलेलं नाही, एवढा फरक आमच्या दोघांच्या प्लॅन बघण्यात आहे.

एक आणखी, ते मात्र फक्त माझं आहे. कर्जाची मुदत वीस वर्षं. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मी माईंच्या आजच्या वयाच्या आसपास पोचलेली असेन. गुडघे आत्तापासूनच बोलतात. त्रिकोणी पायरीचं आतलं टोक चार बोटांचंही नसतं, तिथे पाय तिरका ठेवावा लागतो, हे आज रांगोळीवर चालून बघितलं तेव्हा कळलं. मी कोठीची खोली आखताना त्या घरात फिरणारी बाई माझ्या डोळ्यांसमोर होती ती आजची होती, हातात डबा घेऊन तुरुतुरु जाणारी. चौथऱ्यावर टेकून दम खाणारी कुठे होती? आणि उभी करून उतरवायची वेळ आली तर, माझी उंची बघता, माझी तरी शिडी तीन फुटांत वळेल. हे मी जेवताना म्हटलं. अण्णा म्हणाले, "बघ, काहीतरी फायदा झाला बुटकेपणाचा." या घरात माझ्या उंचीवर पहिल्यांदाच कुणी असं मोकळेपणाने बोललं. बाकीच्या सगळ्या जणी नुसत्या ओट्याकडे बघत.

रात्री आर्किटेक्टला कळवलं: जिना चार फूट, वळणावर सपाट चौथरा, पायरी सात इंचांची नको, सहाची कर. म्हणजे अठराच्या एकवीस होतात. कठडा दोन्ही बाजूंना. त्याने लगेच अंगठा पाठवला, त्याला सुटल्यासारखं झालं असणार. दोन मिनिटांनी विचारलं, "मॅडम, मग कोठी जेमतेम दीड फुटाची राहते. काढून टाकू का?"

अण्णांना सांगितलं तर ते खूश होण्याऐवजी म्हणाले, एवढं सिमेंट कशाला, साडेतीन पुरलं असतं की. शिडी पुन्हा आणू का, म्हटलं.

दीड फुटात पिंप आत गेलं तर मी बाहेर. तेव्हा आर्किटेक्टला उत्तर दिलंय: कोठी काढायची नाही, चार फूटच ठेवायची, आणि कमी पडतील ते फूट हॉलमधून घ्यायचे, टीव्हीच्या भिंतीकडून. ह्याला अजून सांगितलेलं नाही. तो पडल्या पडल्या पासष्ट इंचांचा टीव्ही बघतोय, किंमती मोठ्याने वाचून दाखवतोय.